आमच्या डिस्कोवाल्यांचे कान

"यांचे कान वाचव, मी सव्वा वर्ष दर शनिवारी मौन धरीन," असं मी एकदा जामसांवलीच्या मारुतीपुढे बोलले होते. हे म्हणजे माझे मालक. पांढुर्ण्यात आमचं माईकसेटचं दुकान. ऐंशी सालानंतर लग्नाकार्यांत डिस्कोचं वारं शिरलं, भोंगे जाऊन माणसाएवढाले बॉक्स आले, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून राहून यांना कमी ऐकू यायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, "आवाजापासून दूर राहा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल."

हे म्हणाले, "दूर राहून बॉक्स कोण वाजवील?"

अशा घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. झाडून काढले तरी वायरींच्या गुंडाळ्यांखाली आणखी दोन सापडतात. कंटाळा येतो बाई, पण टाकवत नाहीत.

* * *

एका शनिवारी रामाकोन्याचे एक शेतकरी पोराच्या लग्नासाठी डिस्को ठरवायला आले. मी बोटांनी विचारलं, किती तारीख? ते म्हणाले, "बारा." हे आतून ओरडले, "काय?" ते ओरडले, "बारा!" हे म्हणाले, "चहा? हो, ठेवते ना ती." मी कपाळावर हात मारून पाटीवर खडूनं 'बारा' लिहिलं आणि यांच्यासमोर धरलं.

पाहुण्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "एक बोलत नाही, एक ऐकत नाही, अन् धंदा आवाजाचा! बुक करा जी, असे लोक पुन्हा कुठं भेटन?"

* * *

यांचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी, दुकानात भागीदार. मुंबईहून त्यांनी एक कॅसेट आणली. तीत गाणारा नाही, वाजवणारा नाही, नुसतं मशीनचं ढुप-ढुप-ढुप, आणि मधूनच टाकीत थेंब पडल्यासारखं टिंव!

एका लग्नात ती लावली, पोरं नाचून घामाघूम. नवरीचे आजोबा मात्र अर्धा तास हात जोडल्यासारखे शांत बसले. मग हळूच उठून भाऊजींपाशी आले.

"बापू, मशीन चालू झाली हे समजलं. आता गाणं कधी लावता?"

* * *

माझा गुरुवारचा उपास. पूजेला बसले तर तांब्याचा कलश गायब! घर पालथं घातलं. शेवटी स्टीलच्या गडव्यावर नारळ ठेवला, देवाची माफी मागितली आणि सौंसरला नात्यातल्या लग्नाला गेले. मांडवात सगळे वर बघत होते. मीही पाहिलं. माझा कलश! उलटा टांगलेला, अंगभर आरशाचे तुकडे चिकटवलेले, पंख्याच्या मोटरीवर गरगर फिरत होता, आणि साऱ्या मांडवात चांदण्या पडत होत्या.

"भाऊजी!"

"वहिनी, रागावू नका. तुमच्या घरी एकट्या तुम्ही हात जोडत होत्या. इथं पहा, अख्खी वरात पाहून राहिली!"

मीही खालून हात जोडले.

* * *

यांना मंगलाष्टकं ऐकू येत नसत. त्यावर यांनी तोड काढली होती. शेवटचं 'सावधान' झालं की लोक उरलेल्या अक्षता एकदम टाकून टाळ्या वाजवतात, तेवढं पाहायचं आणि बटण दाबायचं. दोन सीझन कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एका लग्नात वरपक्षाकडच्या एका मामांना बसची घाई. तिसऱ्याच मंगलाष्टकाला त्यांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता उधळल्या आणि टाळ्या पिटल्या. यांनी दाबलं बटण! ढुप-ढुप-ढुप! वऱ्हाडी मांडवभर नाचायला लागले. अंतरपाट तसाच, त्याच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरा, दोघंही मान वाकडी करून विचारतात, झालं का?

गुरुजी ओरडले, "अहो, पोरगी अजून माहेरचीच आहे, अन् तुम्ही काहून नाचून राहिले!"

सगळे हसले. हे नाही हसले. घरी आल्यावर भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "दादा, तू आता घरी बस. मी पाहून घेतो." त्यांना ते तीनदा, दर वेळी मोठ्यानं सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना भाऊजींचाच आवाज फुटला. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

मग हे घरीच असायचे. मी हाक मारली तरी वळून पाहायचे नाहीत, खांद्याला हात लावला तर दचकायचे. आमच्या घरामागं जाम नदी, पलीकडे सावरगाव. एका दुपारी तिथल्या लग्नात भाऊजी एकटेच बॉक्स घेऊन गेले. हे अंगणात उघडे पाय जमिनीवर टेकून जेवत होते. नदीपलीकडून ढुप-ढुप येत होतं, तेही मला कान दिल्यावर कळत होतं. यांनी एकाएकी घास खाली ठेवला.

"यानं एक बॉक्स उलटा जोडला. ठोका पोकळ येऊन राहिला."

मी म्हटलं, भ्रम असेल. हातानंच खूण केली, जेवा.

संध्याकाळी भाऊजी आले आणि चपला न काढताच म्हणाले, "वहिनी, एका बॉक्सची वायर उलटी लागली होती. अर्धं लग्न झाल्यावर ध्यानात आलं. दादाले सांगू नका."

हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी यांच्याजवळ गेले आणि जमिनीवर दोनदा पाय आपटला. हे वळले. "काय म्हणतेस?"

तेव्हापासून मी यांना हाक मारत नाही. तुम्ही आमच्याकडे आलात, तर तुम्हीही दारातून ओरडू नका. चपला काढा, आत या, आणि दोनदा पाय आपटा.