वाढ मारायचं औषध

केशर आंब्याच्या कलमांचा शेंडा मारायचा विषय निघाला की आमचे सासरे उठून गोठ्याकडं जायचे. मी त्यांना मामा म्हणते. दोन उन्हाळे टँकरचं पाणी घालून जगवलेली ती झाडं, आता कुठं छातीला लागायला आलेली, आणि सून ती मांडीएवढी ठेवून कापायला निघालेली.

"वाढत्या झाडाचा शेंडा कोण मारतंय का?"

"मामा, असंच सोडलं तर काठीसारखं सरळ वर जातं. त्याला वर वाढू द्यायचं नाही. मग ते बाजूनं फुटतं."

"तुझं तुला ठाव."

पाऊस उघडला आणि चिखल सुकून रान वाफशावर आलं, तशी मी कात्री घेतली. मी पुढं कापत जायचं, मामांनी मागून पंपानं बुरशीनाशक मारायचं. मी त्यांना सांगितलं ते एवढंच : "कापलं की लगेच औषध मारत या." आमच्याकडं पाठीवरच्या पंपात जे जातं ते सगळं औषधच. किडीचं औषध, बुरशीचं औषध आणि तणाचंही औषध.

पहिली ओळ झाली. मी पाणी प्यायला पत्र्याच्या खोलीत गेले. बुरशीनाशकाचा पुडा फळीवर तसाच होता, न फोडलेला. खाली तणनाशकाचा निळा डबा, झाकण उघडं.

बाहेर आले तेव्हा मामा दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी उभे होते, नळी हातात धरून.

"मामा, थांबा! पंपात काय घातलंय?"

"औषध."

"निळ्या डब्यातलं?"

"मग? तूच म्हणालीस, वर वाढू द्यायचं न्हाय. म्हनलं, वाढ मारायचंच आणलं आसंल."

मला रडू आलं नाही की राग आला नाही. त्यांना पंप उतरवायला लावला, हातपाय साबणानं धुवायला लावले आणि परंड्याच्या नर्सरीवाल्याला फोन केला. कलमं त्याच्याकडचीच होती.

"भाभी, पानं काढा," तो म्हणाला. "औषध पडलेली सगळीच्या सगळी. पान ते पितं आणि मुळापर्यंत नेतं. आधी पानं, मग धुऊन काढा."

"शेंडा गेला, पानंही गेली, तर राहिलं काय?"

"काडी राहील. पानं ठेवली तर तीबी राहणार न्हाय."

आम्ही दोघं ओळीच्या दोन टोकांनी लागलो. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. मामांची बोटं वाकडी आहेत, तरी भराभर चालत होती. एकदाच म्हणाले, "नाव घिऊन सांगायचं मग." मी पुढच्या झाडाकडं सरकले. पानं पोत्यात भरली, पाइप ओढून एकेक खोड धुतलं. संपलं तेव्हा त्या ओळीत नुसत्या काड्या उभ्या होत्या.

पुढचे दिवस मी भीतीतच काढले. बाकीच्या ओळी नंतर कापून त्यांना बुरशीनाशकच मारलं होतं; त्यांचे डोळे फुगले, तांबूस कोंब निघाले. या ओळीत कापलेल्या जागेपासून काळं पडायला लागलं आणि ते खाली उतरू लागलं. खाली कलमाचा जोड. काळं जोडाच्या खाली गेलं की केशर संपला, उरतो तो गावठी कोयीचा खुंट. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिथं जाऊन बसायचे. जोडाच्या वर नखानं जरासं खरडायचं, आत हिरवं दिसलं की श्वास सोडायचा. मग वाटायचं, या खरडण्यानंच मरेल. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा नख जायचंच. झोपेतही मला तो काळा पट्टा सरकताना दिसायचा.

मामा त्या ओळीतून जाणं टाळत. विहिरीकडं जायचं तर बांधावरून वळसा घालून जात.

शेवटी कोंब आले. उशिरा आले, आणि सगळ्यांना आले नाहीत. तीन काड्या वाळल्याच. काहींची पालवी सुतासारखी बारीक, पिवळट, गुच्छागुच्छानं आलेली. बाकीच्यांना रुंद, तांबडी पानं.

आता पुढचं काम म्हणजे प्रत्येक झाडावर चार दिशांचे चार कोंब ठेवून बाकीचे खुडायचे, म्हणजे सांगाडा धरतो. इतर काही ओळींत मी ते बघता बघता उरकलं. या ओळीशी आले आणि पहिल्या झाडापुढं बसून राहिले. एक कोंब चिमटीत धरला. हा काढला आणि राहिलेले चार सुकले तर?

चिमूट सोडली आणि पुढच्या ओळीकडं गेले.

बांधावरून मामा बघत होते. "ही ओळ का सोडली?"

"असू द्या. सगळे कोंब राहू द्या अजून."

"गर्दी हुईल की."

"होऊ द्या."

ते बांध उतरून खाली आले, त्या झाडाजवळ वाकून त्यांनी पानं पाहिली, हात मात्र लावला नाही.

"भ्यालीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

"म्या बी," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं ती ओळ तशीच सोडून पुढं गेलो.