जयपूरची कारंजी आणि सव्वाआठचा चंद्र

"आईबरोबर पंधरा दिवस एका खोलीत राहशील का?" असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नेमकं साल सांगत नाही, सांगितलं की लोक लगेच माझं वय काढतात. नाशिकची एक यात्रा कंपनी दिवाळीच्या आधी राजस्थानची सहल नेत होती. सासऱ्यांना बस लागते, नवऱ्याला बँकेत सुट्टी नाही आणि सासूबाई एकट्या जाणार नाहीत. राहता राहिले मी. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी आम्हा दोघींचं बोलणं "मीठ जास्त झालंय का?" आणि "नाही, ठीक आहे" याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. तरी राजस्थान बघायला मिळतंय म्हटल्यावर मी हो म्हणून टाकलं.

बस कंपनीची, ड्रायव्हर आपले पवारमामा, आचारीही आपलेच. त्यामुळे अख्खं राजस्थान आम्ही वरणभात खाऊन पाहिलं. धुळे, इंदूर, चितोड करत उदयपूरला पोचलो आणि कोजागिरीचं दूध तिथल्या धर्मशाळेच्या गच्चीवर प्यायलो. मग नाथद्वारा, अजमेर आणि शेवटी जयपूर. रस्ते तेव्हा एकपदरी, समोरून ट्रक आला की अर्धी बस मातीत उतरवायची. तुम्ही आता जाल ते विमानानं जाल, पण जमलं तर एकदा रस्त्यानं जा. ऑक्टोबर चांगला. दुपारी ऊन लागतं, संध्याकाळी मात्र अंगावर शाल हवीच.

सासूबाईंना राजवाड्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. "दुसऱ्याच्या घरातलं फर्निचर बघून काय करायचं?" असं म्हणून त्या बाहेर सावलीत बसायच्या. पण कंपनीच्या छापील कागदावर जयपूरच्या दुसऱ्या दिवसासमोर एक ओळ होती: सायंकाळी रंगीत कारंजी. त्या ओळीवर त्यांचा जीव जडला होता. पाणी लाल होतं, हिरवं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि रोज रात्री झोपताना त्या मला विचारायच्या, "सुधा, ती कारंजी जयपूरलाच ना?" त्या संध्याकाळसाठी त्यांनी नारायण पेठ साडी राखून ठेवली होती. इतर दिवशी सगळीकडे सुतीच.

आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी आली. आम्ही सहा बायका उपासाच्या होतो. सासूबाई श्रद्धेनं, मी खिचडीसाठी.

जयपुरात कंपनीनं एक स्थानिक गाइड घेतला होता. नाव मोहनजी, तिशी ओलांडलेला, कडक इस्त्रीचा सफारी. सकाळी आमेरच्या किल्ल्यात त्यानं इतकं रंगवून सांगितलं की आमच्या देवधर सरांनीसुद्धा मान डोलावली. हे सर निवृत्त हेडमास्तर होते, दुसऱ्याच्या बोलण्यावर मान डोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण दुपारी तीननंतर मोहनजी बदलला. सिटी पॅलेस अर्ध्या तासात उरकला. जोहरी बाजारात बायका बांधणी बघायला जरा टेकल्या की हा मागून, "चलिए माताजी, चलिए बहनजी." कांद्याची कचोरी मात्र त्यानंच दाखवली आणि ती अप्रतिम होती. उपासामुळे मला नुसता वासच मिळाला. त्याचाही राग बहुधा मी मोहनजीवरच काढला असेन.

कारंजी होती शहराबाहेर, आग्रा रस्त्यावर, डोंगरांच्या बेचक्यातल्या एका जुन्या राजबागेत. जुन्या शहराच्या वेशीपासून, घाट गेटपासून, वीसेक मिनिटं. एकावर एक चढत गेलेले चौथरे, मधून दगडी पाट आणि त्यात ओळीनं कारंजी. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. सासूबाईंनी सगळ्यात पुढच्या पायरीवर जागा धरली, शाल घडी करून खाली घातली, पदर नीट केला आणि बसल्या. सातला खेळ सुरू होणार होता. सातला पाच कमी असताना वीज गेली.

"आती ही होगी," बागेचा चौकीदार म्हणाला.

पंधरा मिनिटं गेली, चाळीस गेली. अंधारात बत्तीस मराठी माणसं पायऱ्यांवर बसून वीज मंडळाबद्दल आपापली मतं सांगत होती. मोहनजी तेवढा फाटकाशी येरझारा घालत होता. तो सहलीच्या मॅनेजर कुलकर्ण्यांना विचारत होता, "साब, आज रहने दें? कल दिखा दूँगा." कुलकर्णी कसनुसं हसून आमच्याकडे बघत होते. उद्या सकाळी आम्ही मथुरेला निघणार होतो, हे मोहनजीलाही ठाऊक होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा फाटकाशी गेले आणि माझ्या नाशकी हिंदीत त्याला सुनावलं, "मोहनजी, दोपहर से देख रही हूँ. घर जाने की इतनी जल्दी थी तो आज का काम लिया ही क्यों? हम तुम्हारे आफिस को चिठ्ठी लिखेंगे."

 तो खाली बघत म्हणाला, "लिख दीजिए बहनजी. गलती तो मेरी है. पर आज करवा चौथ है."

आता हे कुणालाही माहीत असतं. तेव्हा आमच्यापैकी एकीनंही हे नाव ऐकलं नव्हतं. मग त्यानंच सांगितलं. बायको नवऱ्याच्या आयुष्यासाठी पहाटेपासून उपास करते. चंद्र दिसला की चाळणीतून आधी चंद्राला आणि मग नवऱ्याला बघते आणि त्याच्या हातून पाण्याचा पहिला घोट घेते. तोवर पाणीही नाही. बदली माणूस मागितला होता, पण आज कुणीच तयार नव्हतं, सगळ्यांच्याच घरी चौथ. "पिछले साल भी एक पार्टी में फँस गया था. ग्यारह बजे पहुँचा. तब तक एक घूँट नहीं पिया उसने. आखिर चक्कर खाकर गिरी. और इस साल तो..." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "इस साल सातवाँ महीना चल रहा है. सुबह हाथ जोड़े, मानी ही नहीं."

 सासूबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नव्हतं. हिंदी त्यांना जेमतेम कळायची. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं. मी सगळं मराठीत सांगितलं, फक्त चिठ्ठीचं गाळलं.

"सातवा?" सासूबाई म्हणाल्या. "आणि पाणीसुद्धा नाही?"

"नाही."

आमच्या आळीतली निम्मी बाळंतपणं सासूबाईंनी निभावली होती. त्यांनी पिशवीतून घरच्या कॅलेंडरचं फाडून आणलेलं पान काढलं, मोहनजीच्या बॅटरीच्या उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "चंद्रोदय आठ अठ्ठेचाळीस. अजून तास आहे. पोचेल हा."

मी ते हिंदीत सांगितलं तर तो मान हलवायला लागला. "वो आपके उधर का टाइम होगा माताजी. हमारे यहाँ सवा आठ पे निकल आएगा." मग त्यानं पूर्वेचा काळा डोंगर दाखवला. या बेचक्यात चंद्र उशिरा दिसतो, पण शहरात गच्चीवरून आधीच दिसणार. ती चंद्र बघेल आणि मग याची वाट बघत बसेल. रस्त्यावर त्या वेळी ऑटोही नव्हती.

सासूबाईंनी पान परत घडी करून ठेवलं. इतक्या वर्षांत त्या कॅलेंडरच्या विरोधात कुणाचं ऐकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्या सरळ पवारमामांकडे गेल्या. "मामा, गाडी काढा. याला घरी सोडायचंय."

कुलकर्णी धावत आले. देवधर सर पायरीवरूनच म्हणाले, "अहो वहिनी, वीज कुठल्याही क्षणी येईल. एवढ्या लांब आपण कारंजी बघायलाच आलोय ना?" सरांचंही काही चूक नव्हतं. मला स्वतःलाही मनातून थांबायचंच होतं.

"तुम्ही बघा की निवांत," सासूबाई म्हणाल्या. "गाडी परत येईल. आम्ही उपासाच्या बायका पुढे जातो, आम्हालाही चंद्रच बघायचाय."

"पाऊण तासात गाडी आणून लावतो," पवारमामा म्हणाले.

बसमध्ये चढताना सासूबाई माझ्याकडे वळल्या. "सुधा, तू थांब हवं तर. तुझं वय आहे बघायचं." त्या मनापासून म्हणत होत्या. नारायण पेठेच्या काठाला पायरीवरची धूळ लागली होती, ती त्यांनी झटकलीसुद्धा नव्हती. मला एकदम त्यांच्याबद्दल इतकं वाटलं की मी वर चढले आणि त्यांच्याशेजारी बसले.

पवारमामांनी गिअर टाकला आणि वीज आली. अगदी त्याच क्षणी. मागच्या काचेतून मी पाहिलं, अख्खा उतार उजळला होता, पाणी लाल उडत होतं, मग पिवळं झालं. पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. मोहनजी सीटवरून अर्धा उठला, सासूबाईंकडे बघून म्हणाला, "माताजी, आप उतर जाइए, देख लीजिए."

"बैठो," सासूबाई म्हणाल्या. त्या सहलीत त्यांनी बोललेला हा पहिला हिंदी शब्द. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरावंसं वाटलं असतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

घाट गेटला बस सोडली आणि चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आत शिरलो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गुलाबी भिंती, आणि वरच्या प्रत्येक गच्चीवर बायका. सगळ्या नटलेल्या, हातात चाळण्या, तोंडं पूर्वेला. चंद्र खरंच वर आला होता. एकीच्या घड्याळात आठ वीस झाले होते. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, पण त्या दिवशी मोहनजीच्या मागे त्याच पहिल्या होत्या. आम्ही पाचजणी धापा टाकत त्यांच्या मागून.

त्याची बायको कमला गच्चीच्या कठड्याला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम. शेजारच्या दोन बायका वारा घालत होत्या. नवऱ्याला बघून ती उठायला लागली तर सासूबाई मराठीत ओरडल्या, "आधी खाली बस." शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. ती बसली. बसल्या बसल्याच तिनं चाळणीतून चंद्र पाहिला, मग मोहनजीला पाहिलं, आणि त्यानं मातीच्या तोटीच्या भांड्यातून तिच्या तोंडात पाणी घातलं. ती प्यायली, थांबली, परत प्यायली. तिचा गळा हलताना दिसत होता.  माझे डोळे भरून आले, आणि याच माणसाची तक्रार करायला मी निघाले होते याची मनापासून लाज वाटली.

मग आमची संकष्टी. सासूबाईंनी डबीतलं हळदकुंकू आणि अक्षता काढून चंद्राला वाहिल्या, त्याच गच्चीवर, त्यांच्या चाळण्यांच्या शेजारी. कमलाच्या शेजारणींनी आम्हाला सोडलंच नाही. पुरी, बटाट्याची रस्साभाजी, खीर. आम्ही बसून जेवलो.

निघताना कमलानं एक ताट आणलं. त्यात मठरी नावाच्या खाऱ्या पुऱ्या, साखर आणि लाल बांधणीची साडी. ते तिनं सासूबाईंच्या पुढे ठेवलं आणि पायांना हात लावला. "म्हारी सासूजी तो कोनी," ती म्हणाली. मोहनजीनं समजावून सांगितलं. या दिवशी सून सासूला ही भेट देते. त्याची आई मागच्या वर्षी गेली, त्यामुळे यंदा हे कुणाला द्यायचं असा कमलाला सकाळपासून घोर होता. सासूबाई आधी "नको, नको" म्हणाल्या. मग त्यांनी कमलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट दोन्ही हातांनी घेतलं.

साडेनऊला घाट गेटला बस आली. सगळे कारंज्यांबद्दलच बोलत होते. देवधर सरांनी शेवटपर्यंत, अर्ध्या तासात पाणी किती वेळा रंग बदलतं ते मोजलं होतं. तेव्हा कारंज्यांची माहिती हवी म्हणून तुम्ही हा लेख उघडला असेल तर मला माफ करा, ती सरांकडे होती. मी सांगू शकते ते एवढंच, की जुन्या शहरात रिक्षानं फिरू नका, चाला. आणि आश्विनातल्या संकष्टीला तिथे असलात तर संध्याकाळी गच्चीवर जा.

नाशिकला परत आल्यावर शेजारपाजारच्यांनी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "कारंजी राहिली बाई." हळहळ असायची त्यात, नव्हती असं मी म्हणणार नाही. त्या पुढे कधी जयपूरला गेल्या नाहीत. आमचं बोलणं मात्र मिठाच्या पुढे गेलं. रात्री स्वयंपाकघर आवरताना त्या स्टुलावर बसून मला आळीतल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगायला लागल्या, आणि मीही बँकेतून नवऱ्याला यायला उशीर झाला तरी कंटाळेनाशी झाले.

संक्रांत झाली आणि मोहनजीचं पोस्टकार्ड आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सासूबाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आठवडाभर बसून त्यांनी लेस लावलेली कुंची शिवली आणि पार्सलबरोबर पाठवायला मला हिंदीत पत्र लिहायला बसवलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "थंडीत डोक्याला बांधून ठेव. हळीव खा, तिकडे मिळत नसतील तर पाठवते. आणि पुढच्या चौथीला उपास करायचा तर कर, पण पाणी पिऊन."

मी म्हटलं, "आई, त्यांच्याकडे तसं चालत नसेल. ती कशाला ऐकेल आपलं?"

"का नाही ऐकणार? साडी घेतलीय मी तिची. लिही, सासूचा हुकूम आहे."

मी लिहिलं. हुकूम हा शब्द जरा मोठ्या अक्षरात लिहिला.