मोहाखालचा क्रूस

आयाबाई देवाला हात जोडत नसे. मिशनच्या वसतिगृहात मुलींचा स्वयंपाक करणारी आणि एकही प्रार्थना न चुकवणारी ही बाई क्रुसासमोर मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मी शाळेत नवी मास्तरीण होते. न राहवून विचारलं, तर म्हणाली, "त्याचे हात कुठी मोकळे हाय, बाई? मंग मी काऊन जोडू?" आणि खिळा ठोकलेल्या पावलांवर तळवा टेकवून चुलीकडे निघून गेली.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गोंडपिपरीच्या पुढे जंगलात आमचं मिशन होतं. वेदीवरचा हातभर उंचीचा सागवानी क्रूस आणि त्यावरचा प्रभू गावच्याच सुताराने घडवलेला. देह हडकुळा, लंगोटी आमच्या रानातल्या माणसांसारखीच बांधलेली. नागपूरहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी तो पाहून नाक मुरडलं. मेलेला देह कशाला समोर ठेवता, नुसता पितळी क्रूस पाठवते, म्हणाल्या. आयाबाई चहा घेऊन आली होती. "माहे दोन लेकरं देवीच्या साथीत गेले, कोनी पायलं नाई," ती म्हणाली. "याच्याकडं तरी सारे पायतेत. राहू द्या त्याले." पितळी क्रूस काही आला नाही.

त्या प्रभूशी ती भांडायचीही. एखाद्या मुलीचा ताप उतरला नाही की चर्चमध्ये तिचा आवाज चढायचा, "नुसता पाहून काय राह्यला?" मुली पदराआड हसायच्या. मला आधी ते अधार्मिक वाटे, मग हेवा वाटू लागला. माझी प्रार्थना पाठ केलेली होती, तिची रोज नवी असायची.

मग नवे फादर आले. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा भारी सोस. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची उपासना त्यांनी सकाळी ठेवली. त्या दिवशी एकेकाने पुढे येऊन क्रुसावरच्या प्रभूच्या पायांचं चुंबन घ्यायचं, अशी आमची रीत. पण चैत्रातली सकाळ म्हणजे मोहफुलं वेचायची वेळ. वाळवलेला मोह घरात असला तर पावसाळ्यात पोरांच्या पोटात काही जातं. चर्चमध्ये आम्ही मास्तरणी आणि वसतिगृहाच्या मुली, बाकी बाकं रिकामी.

"लोकांना देवापेक्षा मोह मोठा झाला," फादर उपदेशात म्हणाले.

आयाबाई उठली, पदर खोचला, वेदीवरचा क्रूस लेकरासारखा काखेत घेतला आणि बाहेर पडली. मुली तिच्या मागे, मुलींच्या मागे मी. मोहाखाली बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. तिने क्रूस बुंध्याला टेकवून उभा केला. एकेक बाई आली, चिकट हातांनी प्रभूची पावलं धरून ओठ टेकवून गेली, आणि पुन्हा फुलं वेचू लागली. इतकी खरी उपासना मी आधी पाहिली नव्हती.

फादर धापा टाकत आले. "दारूच्या झाडाखाली प्रभूला आणलंत?"

"तुमाले दारूच दिसते, फादर. या बायकायले पोराइचं पोट दिसते," आयाबाई म्हणाली. "अन् खिळे लाकडाले ठोकले हाय, चर्चले नाई."

ईस्टरच्या दिवशी सर्वांसमक्ष माफी माग, नाहीतर मिशन सोड, असं तिला सांगण्यात आलं. तिला दुसरं घर नव्हतं. त्या दिवशी चर्च भरलं होतं. फादरांनी तिच्याकडे पाहिलं, ती उभी राहिली.

"माफी मागाले नाई उठली," ती म्हणाली. "पुढच्या सालीबी सकाळीच ठेवान, त मी पुन्हा घेऊन जाईन."

दुपारी ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन सिरोंच्याच्या वाटेने गेली. मुलींनी आक्रोश मांडला. तिने मागे वळून त्यांनाच दटावलं, "चुलीवर भात हाय, पहा!"

संध्याकाळी फादरांनी मला बोलावलं. वेदीवर परत ठेवलेल्या क्रुसावरच्या पावलांना शुक्रवारचा मोहाचा चिकटा तसाच होता, त्यावर मुंग्या चढल्या होत्या. त्यांनी ओलं फडकं माझ्या हाती दिलं आणि पुसून घ्या म्हणाले. मी ते परत त्यांच्याच हातात ठेवलं. म्हटलं, "कोणाकोणाचे हात लागलेत ते मी पाहिलंय. माझ्याने पुसवणार नाही. तुम्हाला जमत असेल तर पुसा."

फादरांनी फडकं पावलांपर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं. त्यांच्यानेही पुसवलं नाही. पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवारची उपासना त्यांनी आपणहून संध्याकाळी ठेवली, आणि बसायला जागा उरली नाही. ते पाहायला आयाबाई नव्हती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.