भावाने परत केलेली लेन्स

मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. अंगठी घालायची वेळ आली, मी कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं आणि लेन्स आतल्या आत नुसती घरघरली. समोर सगळं धूसर. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. हाताने रिंग फिरवून फोकस करायला गेले, तर एका जागी ती अडकायची. तेवढ्यात अंगठी बोटात गेलीसुद्धा. टाळ्या पडल्या. मी हसत हसत फोटो काढत राहिले आणि कळत होतं की यातला एकही धड येणार नाही.

कोथरूडला घरी आल्यावर जेवायच्या आधी लेन्स टेबलावर घेतली. ऑटोफोकसचं बटण चालूच होतं. बॅटरी काढून पुन्हा घातली. लेन्सच्या मागचे, कॅमेऱ्याला जोडणारे सोनेरी ठिपके कोरड्या फडक्याने पुसले. दुसरी लेन्स लावली, तर कॅमेरा झटक्यात फोकस करत होता. हीच लेन्स जुन्या कॅमेऱ्याला लावली, तर पुन्हा घरघर. म्हणजे दोष लेन्समध्येच. मग पुढची फिल्टरची काच काढायला गेले. ती निघेना, कारण कड चेपलेली होती. आणि काच माझी नव्हतीच. माझ्या काचेला बारीक चरा होता, ही कोरी होती.

लेन्स आदल्याच आठवड्यात ताडोबाहून परत आली होती. माझा मोठा भाऊ ऑफिसच्या मित्रांबरोबर वाघ बघायला गेला होता, तेव्हा मागून घेऊन गेला होता. परत देताना सोबत संत्राबर्फीचा पुडाही आणला होता. नोकरी सोडून या धंद्यात पडले तेव्हा घेतलेली माझी ही पहिली चांगली लेन्स.

मी फोन केला. "दादा, लेन्स पडली होती का?"

"अगं, जीपमधून जरा निसटली. पण चालत होती की!"

"मग काच का बदललीस?"

तो मग म्हणाला, "तुला उगाच टेन्शन नको म्हणून. आणि खरं सांगू? हल्ली मोबाइलवरसुद्धा छान फोटो येतात."

आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "वस्तूवरून भावाशी भांडतात का कुणी?" वस्तू! माझं पोट ज्यावर चालतं ती घरात वस्तू, आणि त्याचा लॅपटॉप म्हणजे काम.

कसब्यातल्या दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडली. मोटर गेली होती आणि तिचा भाग आता मिळत नव्हता. व्यापाऱ्याने फोन करून एवढंच विचारलं, "ताई, अंगठीचा फोटो राहिला का?" मी हो म्हणाले. मुलीच्या लग्नाचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. त्यांचं काय चुकलं?

दादाने पुढे कधी विषय काढला नाही, मीही नाही. भाचीच्या वाढदिवसाला त्याने विचारलं, "फोटो तूच काढशील ना?"

"मोबाइलवर छान येतात," मी म्हणाले.

त्याला राग आला. त्याने भाड्याने फोटोग्राफर आणला. मी पाहुण्यासारखी जेवले. घरच्यांचा फोटो घ्यायच्या वेळी तो फोटोग्राफर आम्हा भावंडांना म्हणाला, "अहो, जरा जवळ या." आम्ही जवळ आलो. हसलेही मी. कॅमेऱ्यासमोर लोकांना हसवण्यातच माझं आयुष्य गेलंय, तेवढं मला जमतं.