शहाणे डोळे

नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात बेअरिंगच्या तयार रिंगा तपासणाऱ्या एक मावशी आहेत. शेजारच्या टेबलावर मी बसतो. नवा होतो तेव्हा फोर्कलिफ्टवरचा फिरता पिवळा दिवा सारखा नजरेत यायचा, संध्याकाळी डोकं ठणकायचं. मावशींना विचारलं, "तुम्हाला त्रास नाही होत?"

"पयल्यांदा व्हायचा. मंग डोळं शानं होत्यात," त्या म्हणाल्या.

मावशी प्रत्येक रिंग उजेडात धरून दोनदा फिरवतात. चहाचा कपसुद्धा तोंडाला लावण्याआधी तसाच फिरवतात. मी हसलो तर म्हणतात, "हाताला सवय, दुसरं काय."

मध्यंतरी एकदा त्या रिंग बघत बघत वाटेतच उभ्या राहिल्या. मागून फोर्कलिफ्ट येत होता, पिवळा दिवा गरगर फिरत होता. मी दंड धरून ओढलं, तेवढ्यात त्यांच्या अॅप्रनला घासून लोखंड पुढे गेलं. मावशींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातली रिंग माझ्यापुढे धरून दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "बघ, हिच्यावर चरा हाय."

त्यानंतर साहेबांनी त्या वाटेवर छताला मोठा लाल दिवा लावला. सुरुवातीला येता-जाता सगळे माना वर करायचे.

काल डबा खाताना मी म्हटलं, "मावशी, त्या नव्या दिव्याकडं तरी लक्ष ठेवा."

"नवा? कुठं लावलाय?"

दाखवायला मी बोट वर केलं, आणि मलाही तो शोधावा लागला.