करुणेवरची पीएच.डी.

मालेगावच्या बसस्टँडवर भेटणारे हे सर बुद्धाची करुणा आणि समाजकार्य यावर पीएच.डी. करताहेत, त्याशिवाय कॉलेजातल्या नोकरीत कायम कोण करतं? कुणाची पिशवी उचलण्याआधीही ते प्रबंधासाठी वही काढून विचारतात, "मदत घ्यायच्या आधी तुमाले कसं वाटून राह्यलं?" सांगेपर्यंत बस निघून जाते. सर दिसले की बाया पिशव्या पदराआड घेतात.

परवा मी तिथेच चक्कर येऊन पडलो. सरांनी मला पाठीवर टाकलं आणि तडक दवाखाना गाठला. त्यांचं विद्यापीठातलं सादरीकरण हुकलं.

मी म्हणालो, "सर, आता माहंच उदाहरण टाका प्रबंधात."

"नाही जमत," सर हिरमुसले. "उचलायच्या आधी इचारायचंच राह्यलं ना!"