शुभाची निळी चटई

शुभा गेल्याचा तिच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. चिनूला कसं सांगायचं, हा पहिला विचार. आणि त्याच्या मागोमाग दुसरा... आता तो फक्त माझा. लाज वाटली, पण आला खरा. पाच आठवडे झाले, अजून तो विचार पुरता गेलेला नाही.

शुभा माझी शाळेतली मैत्रीण, मूळची मालवणची, लहान मुलांची थेरपिस्ट. नाहूरला आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. माझा चिनू तेव्हा दुसरीत. फळ्याकडे बघून लिहायला लागला की ओळ वाकडी, हात ताठ. आळशी आहेस म्हणून मी ओरडायचे. एका संध्याकाळी शुभाने त्याला रांगत्या बाळासारखं हातपाय टेकायला लावलं आणि त्याची मान हळूच वळवली. लगेच विरुद्ध बाजूचं कोपर दुमडलं. "बघ, तान्ह्या बाळाची मान वळली की त्या बाजूचा हात आपोआप सरळ होतो, दुसरा दुमडतो. काही महिन्यांत ते जातं. ह्याचं थोडं राहिलंय. आळशी नाहीये गं तो!" सात वर्षं मी त्याला अंघोळ घातली आणि हिला दोन मिनिटांत दिसलं! असं पोटात दुखलं म्हणून सांगू...

मग रोज तिच्याकडे निळ्या चटईवर सरपटायचा व्यायाम, शुभाच्या मोजण्यावर. "चल रे झिला!" मालवणीत लेकाला म्हणतात तसं ती म्हणायची, आणि माझ्यापुढे दुधाच्या कपासाठी तास घालवणारा कार्टा खिदळत सुटायचा. घरी आला की मावशी अशी नि मावशी तशी. एकदा म्हणाला, "मावशी ओरडत नाही." झालं! परीक्षेचं निमित्त काढून मी त्याला पाठवणंच बंद केलं. नुकसान माझ्याच लेकराचं होतं, कळत होतं मला.

आठवड्याभराने शुभाच चटई काखेत मारून दारात हजर. "माझ्याकडे नको ना? बरं, घरी करू दे. पण मोजायला तूच बसायचं." चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्याचाही मला रागच आला. तरी बसले, वर्षभर बसले. चिनूची ओळ सरळ झाली आणि चटई दाराआड गेली.

शुभा गेल्यापासून मात्र रडू आलं की तो माझ्याकडे येत नाही, चटई पसरून पालथा पडतो. परवा मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, मोजायला लागले. एक, दोन, तीन...

"आई, इतकं भरभर नको ना. मावशीसारखं मोज."

जळले गं शुभा, अजूनही जळले. मग पुन्हा एकपासून सुरुवात केली, हळू.